तेराच्या पुढे

आजीची जपाची वही माझ्याकडे आहे. वही कसली, वडिलांच्या बँकेची जुनी डायरी, १९८१ सालची. त्या काळी घरात अशा डायऱ्यांचे सतरा उपयोग असत. एकीत दुधाचा हिशेब, एकीत धोब्याचा, आणि एकीत आजीचा रामाचा हिशेब. प्रत्येक तारखेसमोर निळ्या शाईत फक्त एक आकडा. वीस. वीस. बावीस. एकादशीला चाळीस. मध्येच एका तारखेला शून्य आणि शेजारी बारीक अक्षरात ‘ताप’.

हे आकडे माळांचे. मणी एकशे आठ, पण माळ धरायची शंभराची. वरचे आठ मोजण्यातल्या चुकांसाठी सोडून द्यायचे. मंत्र ‘श्रीराम जय राम जय जय राम’. अक्षरं तेरा आणि संकल्पही तेरा कोटींचा. आजी नाशिककडची. समर्थांनी टाकळीला बारा वर्षं नदीच्या पाण्यात उभं राहून तेरा कोटी जप केला, हे ती असं सांगायची की जणू ते पाणी तिच्या परसातून वाहत होतं. मी सातवीत होते, गणितात बरी होते, आणि त्या वयाला शोभेल इतकी आगाऊ होते. दिवसाला वीस माळा म्हणजे दोन हजार. तेरा कोटींना ६५,००० दिवस लागणार. म्हणजे १७८ वर्षं. मी हे उत्तर दोनदा रेघ मारून तिच्यासमोर धरलं. तिने माळ थांबवली नाही. माळ पूर्ण झाल्यावर म्हणाली, “मग बोलण्यात वेळ कशाला घालवतेस?”

त्याच सुमारास आम्ही नांदेडला होतो, वडिलांच्या बदलीमुळे. शेजारी शिखांचं घर. पंजाबातून नुकतं आलेलं नव्हे, पिढ्यान् पिढ्या नांदेडचंच, दखनी शीख. घरात बोलायचे ती हिंदी पंजाबीपेक्षा हैदराबादच्या जास्त जवळची आणि मराठी शब्दांनी भरलेली. त्या घरातल्या बाईंना मी चाची म्हणायचे. दुपारी दोन्ही घरांच्या मधल्या कट्ट्यावर आजी माळ घेऊन बसायची आणि चाची सूप घेऊन. चाची गहू निवडायची, खडा दिसला की बोटाने उडवायची, आणि या सगळ्यात तिचे ओठ हलत असायचे. आवाज जवळजवळ नाहीच. जवळ गेलं तर कळायचं, ‘वाहेगुरू, वाहेगुरू’.

आजीने दोन-चार दिवस पाहिलं आणि मग विचारलं, “किती झालं तुमचं?”

“क्या, माँजी?”

“नाम. किती झालं?”

चाचीला प्रश्न कळेना. कळल्यावर ती हसली. “गिनती नै करते माँजी. उसी का दिया साँस, उसी का नाम. उसको क्या हिसाब दिखाना?”

आजी घरी येऊन आईला म्हणाली, “हिशेब नाही म्हणजे शिस्त नाही.” दुसऱ्या दिवशी पुन्हा कट्ट्यावर गेली.

या दोघींचं हे भांडण (भांडण म्हणावं असं काही नव्हतंच ते, पण मी तसंच लक्षात ठेवलंय) इतकी वर्षं माझ्या डोक्यात अर्धवट पडून होतं. आजीची डायरी हाती आल्यावर ते पुन्हा वर आलं. मग मी शिखांच्या नामाबद्दल वाचायला लागले, ऐकायला लागले, आणि पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की चाचीने त्या दिवशी दिलेलं उत्तर तिच्या एकटीचं नव्हतं.

पुढे कधीतरी तिनेच आजीला मोदीखान्याची गोष्ट सांगितली होती. गुरू नानक तरुणपणी सुलतानपूर लोधीला दौलतखान लोदीच्या कोठारात नोकरीला होते. धान्य मोजून द्यायचं हे काम. एक, दोन, तीन असं मोजत मापं टाकायची. जनमसाखीत, म्हणजे नानकांच्या जुन्या चरित्रकथांत, सांगतात की एकदा ते तेरापर्यंत आले. पंजाबीत तेरा म्हणजे ‘तेरां’, आणि ‘तेरा’ म्हणजे तुझा. ते तिथेच अडकले. तेरा, तेरा, तेरा म्हणत मापं टाकत राहिले. पुढे चौदा आलंच नाही. तक्रार झाली, कोठाराची तपासणी झाली, आणि धान्य कमी भरण्याऐवजी जास्तच भरलं. सुलतानपूरच्या हट्ट साहिब गुरुद्वाऱ्यात त्या काळची म्हणून दगडी वजनं जपून ठेवली आहेत.

वडील बँकेतले. ते म्हणाले, “शिल्लक जास्त निघाली तरी मेमो मिळतोच.”

आजी मात्र गप्प होती. तिचे तेरा कोटी आणि नानकांचे तेरा, दोन्ही एकाच आकड्याचे. एक आकडा गाठायचा होता, एक ओलांडताच येत नव्हता. तिला काय वाटलं ते मला माहीत नाही. पण गोष्ट ऐकताना तिने माळ गोमुखीत ठेवून दिली होती, एवढं आठवतं.

शिखांचा ग्रंथ उघडला की पहिलं जे दिसतं ते अक्षर नाही, अंक आहे. इक ओंकार म्हणतो त्यातला ‘इक’ अक्षरांत लिहीत नाहीत; तिथे १ हा आकडा काढलेला असतो. त्यापुढे मूलमंत्र: सतिनामु, करता पुरखु, निरभउ, निरवैरु, अकाल मूरति, अजूनी, सैभं, गुर प्रसादि. तो एक आहे, सत्य हे त्याचं नाव आहे, तो करणारा आहे, त्याला भय नाही, वैर नाही, काळ नाही, जन्म नाही, तो आपला आपण आहे आणि गुरूच्या कृपेने मिळतो. मंत्र म्हटला की आपल्या मनात येतं ते गुप्त काहीतरी, कानात सांगितलेलं, दुसऱ्याला न सांगायचं. हा मंत्र ग्रंथाच्या दारावरच लावलेला आहे. १४३० पानांच्या ग्रंथात तो कधी पूर्ण, कधी आखूड होऊन पुन्हा पुन्हा येतो. शीख पानाला पान म्हणत नाहीत, ‘अंग’ म्हणतात, कारण ग्रंथ हाच देहधारी गुरू. हा निर्णय नांदेडलाच झाला. १७०८ च्या ऑक्टोबरात गोदावरीच्या काठी गुरू गोविंदसिंगांनी माणसाला गुरू करण्याची परंपरा थांबवली आणि शब्दाच्या हाती गादी दिली. आम्ही त्या गावात राहत होतो, शाळेच्या सहली तिथे जात होत्या, आणि आम्हाला आठवतो तो फक्त कडाहप्रसादाचा तूपकट तळहात.

मूलमंत्रानंतर जपुजी येतं, नानकांचं, अडतीस पउड्यांचं. पउडी म्हणजे पायरी. शीख माणसाची पहाट यानेच सुरू होते. आणि नावच ‘जप’ असलेल्या या रचनेत जपाच्या मोजणीची जी अवस्था केलीय ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आजीची डायरी आठवली. बत्तिसावी पउडी:

इक दू जीभौ लख होहि लख होवहि लख वीस।
लखु लखु गेड़ा आखीअहि एकु नामु जगदीस॥

एका जिभेच्या लाख जिभा व्हाव्यात, लाखाच्या वीस लाख, आणि त्या प्रत्येक जिभेने लाख लाख वेळा एकच नाव घ्यावं. इथवर आजी खूश झाली असती. वीस लाख गुणिले एक लाख, हे तेरा कोटींच्या किती पुढे गेलं! पण पउडी तिथे संपत नाही. या त्याच्याकडे जाणाऱ्या पायऱ्या आहेत असं म्हणून नानक पुढे म्हणतात की आकाशातल्या गोष्टी ऐकून किड्यांनाही चढण्याची ईर्ष्या होते. आणि शेवटी, तो मिळतो तो त्याच्या नजरेने, त्याच्या ‘नदरी’ने, बाकी खोट्याच्या खोट्या बढाया. आधी मोजणी आकाशाला भिडवायची आणि मग तिच्याखालची शिडी काढून घ्यायची, हे नानकांना फार छान जमतं.

पण मोजता का येत नाही याचं खरं कारण त्याआधीच्या एका ओळीत आहे, आणि ती ओळ माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. ‘जेता कीता तेता नाउ, विणु नावै नाही को थाउ.’ जेवढं निर्माण केलं तेवढं सगळं नावच. नावावाचून जागा नाही. म्हणजे नाम हा जिभेवरचा शब्द आहेच, पण आधी तो जग धरून ठेवणारी वस्तू आहे. सूप, गहू, खडा, बोट. मग मोजायचं काय आणि कशाने?

इथे आमच्या आजीची बाजू घेतली पाहिजे, नाहीतर हे फार सोपं होईल. शिखांमध्ये पुनरावृत्ती नाही असं अजिबात नाही. उलट ती सगळीकडे आहे. अमृत घेतात, म्हणजे दीक्षा घेतात, तेव्हा ती देणारे पाच प्यारे गुरुमंत्र देतात तो ‘वाहेगुरू’च, मूलमंत्र म्हणवून घेतात तेही पुन्हा पुन्हा. पहाटे उठून आंघोळ करून वाहेगुरू जपावं हे शीख रहत मर्यादेत, त्यांच्या आचारसंहितेत, लिहिलेलं आहे. गुरू अर्जनदेवांच्या सुखमनी या रचनेत चोवीस अष्टपद्या आहेत आणि पहिल्या अष्टपदीच्या पहिल्या ओळीतच स्मरण तीनदा आलंय: ‘सिमरउ सिमरि सिमरि सुखु पावउ’. ही ओळ मोठ्याने म्हणून पाहा, श्वास आपोआप लयीत येतो. लोखंडी नाहीतर सुती मण्यांची ‘सिमरना’ हातात ठेवणारे शीखही पाहिलेत मी. त्यामुळे चाची मोजत नव्हती म्हणजे तिच्या धर्मात कोणीच मोजत नाही, असं नाही.

फरक आहे तो संशयाचा. हा ग्रंथ जप करायला सांगतो आणि त्याच श्वासात जपाकडे तिरक्या नजरेने पाहतो. तिसरे गुरू अमरदास म्हणतात, ‘राम राम सभु को कहै कहिऐ रामु न होइ’. राम राम सगळेच म्हणतात, म्हणण्याने राम होत नाही. कबीर तर माळेवर थेट येतात: लाकडाची जपणी लोकांना काय दाखवतोस, हृदयात राम आठवत नसेल तर या जपणीने काय होणार? गुरू अर्जनदेवांनी माळ नाकारली नाही, तिचे मणी कमी केले: ‘हरि हरि अखर दुइ इह माला’. दोन अक्षरं, हीच माळ. आपल्याकडे ज्ञानदेवांनी हरिपाठात ‘पुण्याची गणना कोण करी’ म्हणून ठेवलंच होतं. आजी रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणायची, आणि तो संपला की डायरी उघडून आकडा लिहायची. तिला यात काही विसंगत वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही आता फारसं वाटत नाही. मोजल्याशिवाय जिला बसताच येत नाही तिने काय करावं?

आता त्या शब्दाकडे. वाहेगुरू. शीख म्हटलं की हाच शब्द, म्हणून माझी समजूत होती की ग्रंथात पानोपानी हाच असेल. तसं नाही. गुरूंच्या स्वतःच्या बाणीत देवाला हाक मारली आहे ती हरी म्हणून, राम, गोविंद, मुरारी, माधव, साहिब, खुदा, अल्ला म्हणून. हरी आणि राम तर हजारो वेळा येतात. अर्थात दशरथाचा मुलगा नव्हे, सगळ्यांत रमलेला तो. ‘वाहिगुरू’ सलग मंत्रासारखा उमटतो तो भट्टांच्या सवैयांत, ग्रंथाच्या अगदी शेवटाकडे. भट्ट म्हणजे गुरूंच्या दरबारात येऊन स्तुती गाणारे कवी. भाई गुरदासांनी, ज्यांच्या हातून १६०४ साली आदिग्रंथ लिहिला गेला त्यांनीच, आपल्या एका वारेत (वार म्हणजे पउड्यांची दीर्घ रचना) हा गुरुमंत्र असल्याचं सांगितलं आणि पुढे लगेच त्याचं काम सांगितलं: ‘जपि हउमै खोई’. जपल्याने हउमै जाते. हउमै म्हणजे ‘हउं’ आणि ‘मै’, मी आणि मी. मराठीत मीपणा म्हणतो तोच, फक्त दोनदा.

आणि ‘वाह’? हा ‘वाह’ मैफलीतलाच. चांगली जागा घेतली की समोरच्याच्या तोंडून निघतो तो. गुरू अमरदासांच्या एका वारेत कितीतरी श्लोक ‘वाहु वाहु’ने सुरू होतात. म्हणजे शिखांचा मुख्य मंत्र हा मुळात एक उद्गार आहे, नाव नंतर. देवाला ओळखून मारलेली हाक नाही ती. काहीतरी पाहून तोंड उघडं राहिलं आणि आवाज निघाला, तो आवाज. गाणं ऐकताना दाद देणारा माणूस ‘वाह’ मोजत नाही, मोजली तर गवयाला राग येईल. हे लक्षात आलं तेव्हा चाचीचं हसू मला थोडं समजलं.

(यूट्यूबवर ‘वाहेगुरू १०८ वेळा’ अशा तासातासाच्या चित्रफिती आहेत, मागे समुद्राच्या लाटा आणि बासरी. झोप चांगली लागते म्हणतात. मलाही लागली. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण ‘वाह’ ऐकून झोप लागावी हे जरा गमतीचं आहे.)

गुरू अर्जनदेवांची एक ओळ या सगळ्या नावांची वर्गवारी करून टाकते: ‘किरतम नाम कथे तेरे जिहबा, सतिनामु तेरा परा पूरबला’. माझी जीभ तुझी जी नावं घेते ती किरतम, म्हणजे केलेल्या कामांवरून पडलेली. गाई राखल्या म्हणून गोपाळ, गोवर्धन उचलला म्हणून गिरिधर. आपण गावात ‘दूधवाले’, ‘मास्तर’ म्हणतो तशी. तुझं जुनं, सगळ्याच्या आधीचं नाव मात्र सत्य. मग नावावरून भांडायचं कशाला? त्यांनीच म्हटलंय की कोणी राम राम म्हणतो, कोणी खुदाय. कोणी गुसांई म्हणून सेवा करतो, कोणी अल्ला म्हणून. हे म्हणणाऱ्या गुरूला १६०६ साली लाहोरात हालहाल करून मारलं.

दहाव्या गुरूंनी हाच धागा टोकाला नेला. गुरू गोविंदसिंगांचं जापु साहिब ही नावांची नुसती झड आहे. सहस्रनामासारखं वाटतं, पण चाल घोड्याच्या टापांची. त्यात ‘नमसतं अकाले’ आहे आणि त्याच दमात ‘गनीमुल शिकसतै, गरीबुल परसतै’ही आहे. शत्रूंना मोडणारा, गरिबांना पोसणारा. संस्कृत आणि फारसी-अरबी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून. आणि सुरुवातीलाच, ज्या नमनांच्या ओळींत नावांची रास लावायला घेतली आहे त्यातच, एक नाव येतं: ‘नमसतं अनामे’. ज्याला नाव नाही त्याला नमस्कार. एकशे नव्व्याण्णव कडव्यांचं स्तोत्र नावांनी भरायचं आणि चौथ्याच कडव्यात सांगून टाकायचं की याला नाव नाही. आजीच्या विष्णुसहस्रनामातही असली कोडी असतीलच, पण तिथे ती माझ्या कानावरून तशीच गेली होती.

आता नामदेवांकडे येते. तिथे यायला मला उशीर झाला, कारण शाळेत शिकलेलं एक वाक्य डोक्यात पक्कं होतं: ‘नामदेवांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात आहेत.’ सत्कारात वापरायचं वाक्य. २०१५ साली पंजाबात, नामदेवांच्या घुमानला, मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा ते इतक्या वेळा ऐकलं की त्यातला अर्थ गेला. राम राम सभु को कहै, तसं.

मग एकदा रात्री मी आसा रागातलं त्यांचं एक पद ऐकत होते. रागी, म्हणजे कीर्तन गाणारा, पंजाबी, उच्चार पंजाबी, आणि मध्येच कानावर पडलं: ‘बीठलु भैला, काइ करउ?’ मी पुन्हा मागे नेऊन ऐकलं. काइ करउ. काय करू! ते पद असं आहे. आनीले कुंभ, भराईले ऊदक: घागर आणली, पाणी भरलं, ठाकुराला आंघोळ घालू म्हटलं, तर पाण्यात बेचाळीस लाख जीव आधीच होते, विठ्ठल तिथेही आहे, काय करू? फुलं आणली, माळ ओवली, तर वास आधी भुंग्याने घेतलेला. दूध आणलं, खीर रांधली, तर दूध आधी वासराने ‘बिटारिओ’. हा बिटारिओ आपला विटाळ आहे, दुसरं काही नाही. वासराने दूध विटाळलं. ‘ईभै बीठलु, ऊभै बीठलु, बीठल बिनु संसारु नही.’ इथे विठ्ठल, तिथे विठ्ठल, आता पूजा करायची कुठे आणि कशाने?

हे नामदेव आणि पंढरीच्या पायरीचे नामदेव एकच की दोन, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. असू देत. पूजेची सगळी तयारी करून हात तसेच ठेवून ‘काय करू’ म्हणणारा माणूस मला तरी घरचाच वाटतो. शिवाय हिंगोलीतली नरसी आमच्या नांदेडच्या शेजारचीच.

नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात रोज पहाटे गोदावरीचं पाणी घागरीतून आणतात आणि आतलं स्थान त्या पाण्याने धुतात. चाचीच्या घरातल्या कोणीतरी मला एकदा पहाटे उठवून ती घागर दाखवायला नेलं होतं. मी झोपेत होते, रस्त्यावरचं ओलं आणि गारठा एवढंच आठवतं. आता आनीले कुंभ ऐकलं की ते ओलं आठवतं, आणि बेचाळीस लाख.

पण घागरीचं दुसरं पद याहून मोठं आहे. रामकलीतलं. ‘आनीले कागदु काटीले गूडी’: कागद आणला, पतंग कापला, आकाशात सोडला; पाच जणांशी गप्पा चालू आहेत आणि चित्त दोरीवर आहे. पोरी घागरी भरून निघाल्या, हसतात, गप्पा मारतात, चित्त घागरीवर आहे. गाय पाच कोसांवर चरायला गेली, चित्त वासरावर. शेवटचं चित्र बाईचं. पाळण्यात मूल निजवलंय, आत-बाहेर कामाचा रगाडा चाललाय, आणि चित्त बाळावर. प्रत्येक कडव्याचा शेवट ‘राखीअले’. आणीले, काटीले, भराईले, राखीअले. या ‘ले’काराची ओळख मराठी माणसाला करून द्यावी लागत नाही, जुन्या ओव्यांत तो पुन्हा पुन्हा भेटतो. अमृतसरला ‘राखीअले’ म्हणताना डोळे मिटणारे किती तरी लोक असतील, त्यांना हा प्रत्यय कुठून आला हे ठाऊक असण्याचं कारण नाही.

या पदात जप हा शब्दच नाही. दोरी आहे. मला वाटतं, शिखांच्या नामस्मरणाचं इतकं नेमकं वर्णन दुसरं नसावं, आणि ते एका शिंप्याने केलंय ज्याला नानकांचं नावही माहीत असणं शक्य नव्हतं. नानक जन्मले तेव्हा नामदेवांना जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली होती. हे पद नामदेवांनी त्रिलोचन या संतमित्राला सांगितलंय. त्रिलोचनाबरोबरचा त्यांचा एक संवाद कबिरांच्या श्लोकांतही आहे. त्रिलोचन मित्राला टोमणा मारतो: नाम्या, मायेत गुंतलास की. कापडं काय छापत बसलायस, रामाकडे चित्त लाव. नामा म्हणतो: त्रिलोचना, तोंडाने राम सांभाळ, ‘हाथ पाउ करि कामु सभु, चीतु निरंजन नालि’. हातापायांनी सगळं काम कर, चित्त निरंजनाजवळ.

शीख ‘नाम जपो, किरत करो, वंड छको’ म्हणतात. नाव घ्या, कष्ट करा, वाटून खा. तीन वेगळी कलमं म्हणून ती मला नेहमी भाषणासारखी वाटायची. नामा शिंपी आणि चाचीचं सूप एकत्र ठेवल्यावर ती तीन राहिली नाहीत.

मी स्वतः हे करून पाहिलंय का? पाहिलंय. पुण्यात गेल्या वर्षी चार महिने रोज सकाळी सुखमनी ऐकली, देवनागरी पोथी समोर ठेवून. तिसऱ्या अष्टपदीपर्यंत मी असते. मग मी कुठे जाते ते मला कळत नाही. दहावीत परत येते. मध्ये सहा अष्टपद्या गेल्या, त्यांचं काय झालं? आजीने त्या माळेत धरल्या असत्या. आठ मणी चुकीसाठी सोडायचे ही सोय तिच्याकडे होती. मला ती सोय आता फार शहाणपणाची वाटते.

डिसेंबरात नांदेडला गेले. चाची आता ऐंशीच्या पुढे, पाठ वाकलेली, पण सकाळी लंगरला जाणं चुकवत नाही. मला म्हणाली, चल. स्वयंपाकघरात मोठ्या तव्याभोवती बायका बसल्या होत्या, कोणी गोळे करत होत्या, कोणी लाटत होत्या. बाहेर पंगतीत सेवादार फिरत होते. परशादा (म्हणजे पोळी) वाहेगुरू, दाला वाहेगुरू, पाणी वाहेगुरू. मी याआधी कितीदा तिथे जेवले, पण वाढप्याच्या आरोळीत हा शब्द आहे हे कधी कानाने टिपलं नव्हतं. डाळ हवी का विचारतानाही तेच.

मला लाटणं दिलं. इतकं वाचून, ऐकून गेले होते. म्हटलं आज दोरी धरून पाहू. लाटण्याच्या प्रत्येक फेरीला मनात वाहेगुरू. पहिली पोळी बरी झाली. दुसरीला मी नामात फारच रमले असावे, कारण ती एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने फाटली. तिसरीचा महाराष्ट्राचा नकाशा झाला, कोकणासकट. समोरची मुलगी ओठ दाबून हसली. चाचीचे ओठ हलत होते, हात चालू होते, तिच्यासमोरच्या पोळ्या एकीवर एक पडत होत्या आणि सगळ्या सारख्या.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पोळीकडे.

“नाम बाद में ले बेटा,” ती म्हणाली. “पहले पोळी गोल कर. लोगां भूके बैठे हैं.”

आणि तो नकाशा उचलून तिने त्याचा पुन्हा गोळा केला, पिठात घोळवला आणि माझ्यापुढे ठेवला.